उत्तर वर की नाक वर?

दिल्लीहून हैदराबादला निघालेले विमान जवळजवळ सरळ दक्षिणेला जाते. दोन्ही विमानतळांमध्ये रेघ ओढली तर तिची दिशा साधारण १७४ अंश भरते, म्हणजे नेमक्या दक्षिणेपासून जेमतेम सहा अंश पूर्वेला कललेली. प्रत्यक्षात विमाने ठरलेल्या हवाई मार्गांनी थोडीफार वळणे घेत जातात, पण ढोबळ हिशेबाला ही रेघ पुरे. ती विदर्भावरून जाते तेव्हा वैमानिकाच्या डाव्या हाताला नागपूर असते आणि उजव्या हाताला अकोला, दोन्ही साधारण शंभर किलोमीटरवर. शाळेच्या भिंतीवरच्या नकाशात मात्र याच रेघेच्या उजवीकडे नागपूर दिसते आणि डावीकडे अकोला. नकाशाही बरोबर आणि वैमानिकही बरोबर, फक्त दोघांचे उजवे-डावे उलटे. मग वैमानिकाच्या समोरच्या पडद्यावर नागपूर कोणत्या बाजूला दाखवायचे? फोनवर पत्ता शोधणाऱ्या प्रत्येकाला हा पेच ओळखीचा आहे: नकाशा आपल्याबरोबर फिरू द्यावा, की उत्तर वर धरून स्थिर ठेवावा? फोन हातात घेतलेला माणूस चुकला तर एखादी गल्ली मागे फिरतो. ताशी आठशे किलोमीटरने जाणारे विमान मिनिटाभरात तेरा किलोमीटर पुढे गेलेले असते.

हा प्रश्न सहसा आवडीनिवडीचा म्हणून सोडून दिला जातो. कोणाला नकाशा स्थिर बरा वाटतो, कोणाला फिरता, ज्याला जे रुचेल ते त्याने लावावे, असे. मला ते पटत नाही. नकाशाची कोणती बाजू वर हवी हे पाहणाऱ्याच्या स्वभावावरून नव्हे, तर त्या क्षणी नकाशाला विचारल्या जाणाऱ्या प्रश्नावरून ठरायला हवे. ‘आता कुठे वळू?’ हा एक प्रश्न, आणि ‘मी नेमका आहे कुठे?’ हा दुसरा. पहिल्याला फिरता नकाशा उत्तर देतो, दुसऱ्याला स्थिर. वैमानिकाला हे दोन्ही प्रश्न पडतात, कधी कधी एकाच मिनिटात. म्हणून पडद्याची मांडणी ही सवयीने नव्हे, शिस्तीने ठरवायची गोष्ट आहे.

आधी पडद्यावर काय काय मिळते ते पाहू. हैदराबादच्या शमशाबाद विमानतळावर मोठ्या संख्येने येणाऱ्या एअरबस ए-३२० मध्ये दोन्ही वैमानिकांसमोर एकेक नेव्हिगेशन डिस्प्ले असतो आणि ज्याच्या त्याच्या हाताशी त्याचा स्वतंत्र गोल खटका. रोझ नावाचे तीन प्रकार, मग आर्क आणि शेवटी प्लॅन. रोझ आणि आर्कमध्ये विमानाचे नाक वर असते. विमान वळले की सगळा नकाशा खालून फिरतो. रोझमध्ये दिशाचक्र पूर्ण दिसते, आर्कमध्ये फक्त समोरचा नव्वद अंशांचा तुकडा. प्लॅनमध्ये उत्तर वर असते, नकाशा स्थिर राहतो आणि विमानाचे चिन्ह त्यावरून सरकते. बोईंगमध्येही मॅप आणि प्लॅन अशी हीच जोडी आहे. १९८२-८३ मध्ये सेवेत आलेल्या ७६७ आणि ७५७ पासून संगणकाने रेखाटलेला नकाशा प्रवासी विमानांत रुळला. प्रशिक्षणाच्या छोट्या विमानांत गार्मिनचे पडदे असतात. त्यांत उत्तर वर, मार्ग वर, नाक वर किंवा ठरवलेली वाट वर, अशी चार प्रकारे निवड करता येते.

नाक आणि मार्ग यांत फरक का करायचा, हे दिल्ली–हैदराबादच्या वाटेवरच कळते. हिवाळ्यात उत्तर भारतावरून उंचावर पश्चिमेकडून जेट प्रवाह वाहतो आणि त्याचा वेग ताशी शंभर नॉटपलीकडे सहज जातो. दक्षिणेला जाणाऱ्या विमानाला तो उजवीकडून ढकलतो. साडेचारशे नॉटने उडणाऱ्या विमानाला शंभर नॉटचा आडवा वारा पेलून वाटेवर राहायचे तर नाक सुमारे तेरा अंश पश्चिमेला धरावे लागते. नाक १८७ वर आणि विमान जाते १७४ वर. नाक वर असलेल्या पडद्यात आखलेली वाट किंचित तिरपी दिसते, मार्ग वर असलेल्या पडद्यात ती सरळ उभी. हवामानाचे रडार नाकातच बसवलेले असते आणि काचेतून दिसणारा ढगही नाकाच्याच संदर्भात दिसतो, म्हणून ढग चुकवताना नाक वर असलेले सोयीचे. वाट धरून राहायची तर मार्ग वर बरा. विमान बनवणाऱ्यांमध्ये यावर एकमत नाही, पण हा वाद दहा-पंधरा अंशांचा आहे. खरा वाद १८० अंशांचा, म्हणजे फिरत्या आणि स्थिर नकाशातला.

उत्तर वर ठेवण्याची रीत निसर्गाने घालून दिलेली नाही. बाराव्या शतकात, ११५४ साली, अल-इद्रिसीने सिसिलीच्या राजासाठी जगाचा नकाशा केला तेव्हा दक्षिण वर होती, आणि मध्ययुगीन युरोपातल्या कित्येक नकाशांत पूर्व. आपल्याकडे उत्तर वर ठेवलेला काटेकोर नकाशा आला तो मोजणीदारांबरोबर, आणि या मोजणीचा एक मोठा अध्याय हैदराबादच्याच परिसरातला आहे. विल्यम लॅम्बटनने दक्षिणेकडून चालवलेल्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा मुक्काम बरीच वर्षे निजामाच्या मुलखात होता. बीदरजवळ १८१५ मध्ये आधाररेषा मोजली गेली, आणि १८२३ साली हैदराबादहून नागपूरकडे जात असताना वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला लॅम्बटन वारला. त्याची कबर तिथेच आहे. ज्या ७८ रेखांशाच्या आसपास त्याचे त्रिकोण उभे राहिले, जवळपास त्याच पट्ट्यातून आज दिल्ली–हैदराबाद विमाने जातात. सर्व्हे ऑफ इंडियाची प्रशिक्षण संस्थाही हैदराबादेत, उप्पलला आहे. या परंपरेचा मोठेपणा वादातीत. पण मोजणीदाराचा नकाशा कोणासाठी होता ते विसरून चालत नाही. तो टेबलावर पसरून पाहायचा होता. पाहणारा स्वतः कुठेही जात नव्हता, आणि त्याच्या पाठीमागून दुसरा कोणी आला तरी दोघांना तोच नकाशा तसाच दिसणे आवश्यक होते.

चालत्या माणसाचे वेगळे असते, आणि किती वेगळे याचे मोजमाप झालेले आहे. रॉजर शेपर्ड आणि जॅकलिन मेट्झलर यांनी १९७१ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. एकाच वस्तूची दोन चित्रे, त्यातले एक फिरवलेले. दोन्ही एकच आहेत की वेगळी, एवढेच सांगायचे. चित्र जितके अंश फिरवलेले, तितका उत्तराला वेळ जास्त, आणि ही वाढ जवळजवळ सरळ रेषेत होती: सेकंदाला साधारण साठ अंश. माणूस मनातल्या मनात ती वस्तू खरोखरच फिरवून पाहत असावा, असाच त्याचा अर्थ लागत होता. पुढे शेपर्डनेच नकाशावरची उजवी-डावी वळणे घेऊन असेच प्रयोग केले, आणि अमेरिकेत ख्रिस्तोफर विकेन्स, अँथनी एरेट्झ आदींनी हा विचार थेट कॉकपिटच्या नकाशांवर तपासला. निष्कर्ष थोडक्यात असा: पुढचे वळण डावे की उजवे, समोर दिसतो तो डोंगर नकाशावरचा कुठला, अशा प्रश्नांना फिरत्या नकाशावर लवकर आणि कमी चुकांनी उत्तर मिळते. दोन ठिकाणांचा परस्परसंबंध लक्षात ठेवणे, प्रदेशाचे चित्र मनात उभे करणे, ते दुसऱ्याला सांगणे, यांत स्थिर नकाशा सरस ठरतो. दक्षिणेला जाताना स्थिर नकाशा पाहणाऱ्या वैमानिकाला प्रत्येक वळणाआधी मनातल्या मनात अर्धा फेरा मारावा लागतो. निवांत असताना तो मारताही येतो. पण उतरण्याची तयारी, रेडिओवरचे बोलणे, वेग आणि उंचीचा हिशेब एकदम अंगावर आले की डोक्यावरचे हे जादा काम आधी गडबडते.

यावर पहिला आक्षेप हवाई वाहतूक नियंत्रकाचे उदाहरण देऊन घेतला जातो. नियंत्रकाच्या रडारच्या पडद्यावर उत्तर वर असते आणि तो दिवसभर उलटसुलट दिशांनी जाणारी विमाने बिनचूक हाताळतो. मग वैमानिकाला काय अडचण? आक्षेप दिसतो तितका पोकळ नाही. नियंत्रक एकाच वेळी दोन भाषा बोलतो. ‘हेडिंग एक आठ शून्य घ्या’ म्हणताना तो दिशाचक्राच्या, म्हणजे सगळ्यांना समान असलेल्या चौकटीत बोलतो. ‘तुमच्या नऊ वाजता दुसरे विमान’ म्हणताना तो वैमानिकाच्या खुर्चीत जाऊन बसलेला असतो. दिल्लीहून येणारे विमान त्याच्या पडद्यावर वरून खाली सरकते आहे आणि दुसरे विमान त्याच्या उजव्या बाजूला दिसते आहे. तरी त्याला डावीकडचे ‘नऊ वाजता’च म्हणावे लागते. त्यातही एक खोच आहे. त्याला रडारवर विमानाचा मार्ग दिसतो, नाक दिसत नाही. वर सांगितलेले तेरा अंश गृहीत धरले तर घड्याळाच्या भाषेत जवळजवळ अर्ध्या तासाचा फरक पडतो, आणि तो वैमानिकानेच मनात जुळवून घ्यायचा असतो. नियंत्रकाला हे सारे जमते, कारण डझनभर विमानांचे आपापसांतले नाते सांभाळणे हेच त्याचे काम आहे. त्याच्या पडद्यावर कोणाचे नाक वर ठेवणार? त्याचा प्रश्न वेगळा म्हणून त्याचा नकाशा वेगळा. हे उदाहरण माझ्या म्हणण्याच्या विरोधात जात नाही.

त्यातून वैमानिकाची एक जबाबदारी मात्र निघते. बाहेरचे सगळे जग त्याच्याशी उत्तर-दक्षिणेच्या भाषेत बोलते. वाऱ्याची दिशा, वादळी ढगांचा इशारा, बंद ठेवलेले आकाश, सगळे पूर्वेला, पश्चिमेला असे कळवले जाते. हैदराबादच्या परिसरात तर याला आणखी एक पदर आहे. शमशाबाद, बेगमपेट, हकीमपेट आणि हवाई दलाच्या अकादमीचे डुंडीगल, असे चार विमानतळ एका शहराभोवती, आणि चारही ठिकाणच्या धावपट्ट्या ढोबळमानाने पूर्व–पश्चिम. पावसाळ्यात वारा पश्चिमेचा, म्हणून शमशाबादला विमाने पश्चिमेकडे तोंड करून, २७ क्रमांकाच्या दिशेने उतरतात. हिवाळ्यात पूर्वेचा वारा असला की ०९ च्या दिशेने. शहर विमानतळाच्या उत्तरेला आहे. ०९ वर उतरताना ते डावीकडे दिसते आणि हिमायतसागरही त्याच बाजूला येतो. २७ वर उतरताना शहर उजवीकडे. वारा फिरला आणि धावपट्टीची बाजू ऐन वेळी बदलली की फिरत्या नकाशावरचे सगळे चित्र उलटे होते. स्थिर नकाशावर शहर जिथे होते तिथेच, वरच्या बाजूला राहते. वैमानिकाच्या मनात हे दुसरे चित्रही पक्के असायला हवे, नाहीतर बदल त्याला नवा प्रदेश वाटेल.

सर्वांत गंभीर आक्षेप काठमांडूचा आहे. ३१ जुलै १९९२ रोजी थाई एअरवेजचे बँकॉकहून आलेले एअरबस ए-३१० विमान काठमांडूला दक्षिणेकडून उतरत होते. फ्लॅप्समध्ये बिघाड दाखवला गेला. तो सुटला तोवर विमान विमानतळाच्या इतके जवळ आणि इतके उंच होते की सरळ उतरणे शक्य राहिले नाही. दक्षिणेकडच्या रोमिओ या बिंदूकडे परत जाऊन पुन्हा सुरुवात करायची, असे वैमानिकांनी ठरवले. विमान वळले, पण अर्ध्यावर थांबण्याऐवजी पूर्ण वर्तुळ करून पुन्हा उत्तरेला तोंड करून निघाले. मागे पडलेला तो बिंदू संगणकात पुन्हा घालण्याच्या खटपटीत दोघेही गुंतलेले होते. काठमांडूला तेव्हा रडार नव्हते; नियंत्रकही विमान दक्षिणेला आहे असेच समजून होता. साडेतीन हजार मीटरच्या उंचीवर विमान हिमालयाच्या कड्यावर आदळले आणि आतले ११३ जण मृत्युमुखी पडले. दिशेचा आकडा सबंध वेळ दोघांच्या डोळ्यांसमोर होता, पण आपण उत्तरेला चाललो आहोत हे त्यांना वेळेत उमगले नाही.

स्थिर नकाशाचे पुरस्कर्ते इथे म्हणू शकतात, आणि त्यांचे म्हणणे वजनदार आहे, की जो नकाशा नेहमी नाकच वर दाखवतो त्यात उत्तर आणि दक्षिण सारखीच दिसतात. पुढे जाणे हे नेहमी वर जाणेच असते; दिशा उरते ती एका तीन अंकी आकड्यापुरती, आणि गर्दीच्या क्षणी आकडा वाचला जातो, समजला जात नाही. हा अपघात नकाशाच्या मांडणीमुळे झाला असे म्हणणे अतिशयोक्ती ठरेल. बिघाड, रेडिओवरचा गोंधळ, संगणकाशी झटापट, सगळ्यांचा त्यात वाटा होता. पण फिरत्या नकाशाची उणीव त्यातून स्वच्छ दिसते, आणि ती मान्य केल्यावाचून माझे म्हणणे पुरे होत नाही. मला त्यातून निघणारा निष्कर्ष मात्र त्यांच्यापेक्षा वेगळा दिसतो. सबंध उड्डाण स्थिर नकाशावर करा, असे यातून सिद्ध होत नाही. कारण मग तेच वैमानिक दक्षिणेला जाताना प्रत्येक वळणाला मनातला फेरा मारत बसले असते. सिद्ध होते ते एवढे की बेत मोडला, मागे फिरावे लागले, बिंदू शोधावा लागला, त्या क्षणी प्रश्नच बदललेला असतो. ‘कुठे वळू’ संपले आणि ‘कुठे आहे’ सुरू झाले. तेव्हा एका वैमानिकाने, दोघांनी नव्हे, खटका फिरवून उत्तर वर असलेला नकाशा पाहिला पाहिजे.

दोघांनी का नाही, याचे उत्तर एअरबसच्या आखणीतच आहे. प्लॅनमध्ये हवामानाचे रडार दिसत नाही आणि टक्कर टाळणाऱ्या यंत्रणेची आसपासची विमानेही दिसत नाहीत. धोका उद्भवला तर पडदा मोड बदलायला सांगतो. हे उगाच केलेले नाही. ढग आणि दुसरे विमान ही ‘माझ्या डावीकडे की उजवीकडे’ या प्रश्नाची माहिती आहे, आणि ती उत्तर वर ठेवून दाखवणे म्हणजे घाईच्या क्षणी उलटे वाचायला लावणे. म्हणजे विमान बनवणाऱ्यांनी प्रश्नाप्रमाणे नकाशा हे तत्त्व आधीच मान्य केलेले आहे. प्लॅनचा नित्याचा उपयोगही तसाच: उड्डाणाआधी किंवा मार्ग बदलल्यावर संगणकातले बिंदू एकेक करून तपासताना. जमिनीवर उभे असताना नाक कुठे आहे याला काहीच अर्थ नसतो. हैदराबादच्या पार्किंगमध्ये ते शहराकडे असेल नाहीतर विरुद्ध दिशेला.

सवयीचा मुद्दा राहिला. जुने वैमानिक सांगतात, आम्ही कागदी नकाशावर शिकलो आणि उत्तर वर धरूनच उडालो. पण कागदाच्या काळातही कित्येक प्रशिक्षक शिष्याला नकाशा मांडीवर फिरवून, वाट वर येईल असा धरायला शिकवत. तोटा एवढाच की दक्षिणेला जाताना गावांची नावे उलटी वाचावी लागत. लढाऊ विमानांत पुढे फिल्मवरचे नकाशे आले, त्यांतही फिल्म फिरली की अक्षरे फिरत. नावे वाचता यावीत म्हणून उत्तर वर ठेवणाऱ्यांची ती सवय होती, आणि ती कारणासकट आता कालबाह्य झाली. पडद्यावर नकाशा फिरतो आणि नावे सरळ राहतात. सरावाने मनातला फेरा जलद होतो हेही खरे. पण ज्या कामाची गरजच नाही ते जलद करण्यात कसली कमाई? आणि वैमानिकाची कसोटी लागते ती सरावाचे सगळे जमून येते तेव्हा नव्हे.

ऑटोपायलट विमान चालवतो, मग नकाशा कोणत्याही अंगाने ठेवा, असेही म्हटले जाते. ऑटोपायलट ठरलेली वाट चालतो. पावसाळ्यात तेलंगणावर उभा राहिलेला काळा ढग डावीकडून चुकवायचा की उजवीकडून, हे ठरवत नाही. तो निर्णय अजूनही दोन माणसांचा आहे आणि तो नेमक्या नकाशावरूनच घेतला जातो.

मधला एक मार्गही सुचवला गेला आहे. एरेट्झने १९९१ मध्ये मांडलेली कल्पना अशी की नकाशा उत्तर वर ठेवायचा, पण वैमानिकाला समोर जेवढे दिसते तेवढा पाचरीसारखा भाग त्यावर दाखवायचा. म्हणजे बाहेरचे दृश्य आणि नकाशा यांची सांगड चटकन लागते. दोन्हीकडचा फायदा त्यातून बऱ्याच अंशी साधतो, असा त्याचा निष्कर्ष होता. आज फोनवरच्या निळ्या ठिपक्याला फुटलेला प्रकाशझोत हे त्याचेच भावंड. मोठ्या विमानांच्या मुख्य पडद्यावर मात्र दोन स्वतंत्र मोड आणि एक खटका हीच रीत टिकली आहे, आणि मला ती बरी वाटते: पाचर कुठे दिसते ते सांगते, पण दक्षिणेला जाताना डावे-उजवे उलटे राहायचे ते राहतेच.

मोठ्या कंपन्यांत कोणता मोड केव्हा याची पद्धत ठरलेली असते. इंडियन एअरलाइन्सकडे १९८९ मध्ये ए-३२० आल्या आणि हैदराबादच्या तिच्या सेंट्रल ट्रेनिंग एस्टॅब्लिशमेंटमधल्या सिम्युलेटरांवर वैमानिकांच्या पिढ्यांनी ही पद्धत गिरवली. कच्चा दुवा दुसरीकडे आहे. एकट्याने उडणाऱ्या शिकाऊ वैमानिकापुढे चार पर्याय असतात आणि दुसरा पडदा सांभाळणारा जोडीदार नसतो. आधीच्या विद्यार्थ्याने जे लावून ठेवले तेच पुढच्याच्या वाट्याला येते, आणि कधी कधी त्याला ते हवेत गेल्यावर कळते. अशा विमानात उड्डाणाआधीच्या तपासणी यादीत इंधन आणि फ्लॅप्सच्या बरोबरीने ‘नकाशाची वरची बाजू’ हीही एक ओळ हवी. प्रशिक्षकाने प्रवासाचा बेत उत्तर वर असलेल्या नकाशावर तोंडी सांगायला लावावा, मग पडदा मार्ग वर करून उडू द्यावे, आणि वाटेत एकदा, विशेषतः दक्षिणेला जाताना, अचानक विचारावे: नागपूर कुठे? विद्यार्थ्याने हात डावीकडे केला आणि तोंडाने ‘पूर्वेला’ म्हटले, तर दोन्ही नकाशे त्याच्या डोक्यात उतरले आहेत.